तेराचा पाढा चुकला की उतरायचं

ऑक्टोबर २०२३मध्ये आमच्या पाडेलीकाकांचा फोन आला. गुडघा ऐकत नाही, दुसरा कोणी बघा. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. तीस वर्षं हेच काका दर दीड-दोन महिन्यांनी यायचे, ऊन चढायच्या आत भाट, म्हणजे माडांची बाग, मोकळं करायचे, चहा प्यायचे नि आपल्या वाट्याचे नारळ पिशवीत घालून निघायचे. आमचं भाट गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, घरामागे ओहोळाकडे उतरत गेलेलं, सेहेचाळीस माडांचं. 'दुसरा कोणी' शोधण्यात तीन महिने गेले. एकजण येतो येतो म्हणून चारदा आला नाही. एकजण आला, सहा माड चढला, माडामागे दीडशे घेतले आणि जून-कोवळं न बघता घडच्या घड उतरवून गेला.

जानेवारी उजाडेपर्यंत नारळ आपले आपणच पडायला लागले. एक गोठ्यावर पडला, आठ नळे (कौलं) फुटले. एक सासूबाईंच्या पायापासून वीतभर अंतरावर. त्या दिवसापासून त्या भाटात जाताना डोक्यावर टोपलं पालथं घालून जायला लागल्या. बघून हसू यायचं, पण हसायची हिंमत नव्हती.

मी तेव्हा ३८ वर्षांची. घरी शिवणकाम करते. व्यायाम म्हणाल तर पायमशीन, तेवढाच. यंत्राने माडावर चढायचं प्रशिक्षण कुठे मिळतं हे विचारलं तर कोणीही सांगतं. पण त्याला अंगात काय लागतं आणि डोक्यात काय लागतं, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझे नऊ महिने वाचले असते, किंवा निदान ते कशासाठी गेले हे कळलं असतं. म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहिते आहे.

सुरुवात कृषी कार्डामुळे, म्हणजे सरकारी शेती योजनांसाठी लागणाऱ्या शेतकऱ्याच्या कार्डामुळे, झाली. त्या कामासाठी जानेवारी २०२४मध्ये विभागीय कृषी कार्यालयात गेले होते. (जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे, तो निराळा पुराणग्रंथ आहे, आज नको.) तिथे भिंतीवर कागद होता: नारळ विकास मंडळाच्या 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' कार्यक्रमाखाली सहा दिवसांचं मोफत प्रशिक्षण. हा कार्यक्रम २०११पासून चालू आहे, मला पत्ता नव्हता. मी नवऱ्यासाठी विचारायला टेबलाशी गेले. नवरा बँकेत, वजन ब्याण्णव किलो, दिवाळीला आकाशकंदील लावायला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेला की मला शिडी धरायला लावतो. अर्ज घेता घेताच मला कळलं की नाव माझंच लिहावं लागणार. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "बायकांनाही घेतात. फिटनेस सर्टिफिकेट तेवढं आणा."

आधार, पासबुकाची झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो आणि वैद्यकीय दाखला. पहिली चार कामं अर्ध्या दिवसाची. पाचव्यावर अडले.

सासूबाईंना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी निवडत असलेली भाजी खाली ठेवली. "तूं माडार चडटलें गो?" एवढंच. मग पुन्हा भाजी निवडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीशी बोलताना ऐकलं, "आमगेली सून माडार चडटली." आवाजात तक्रार होती की फुशारकी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीत आरोग्य केंद्रात गेले. मला वाटलं होतं, डॉक्टर छातीला नळी लावतील आणि सही करतील. त्यांनी अर्धा तास घेतला. कधी फेफरं आलं होतं का, कान वाहतो का, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, साखर आहे का. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं; माणूस डोलतो का ते बघतात. मग एका पायावर, आधी डोळे उघडे, मग मिटून. माझा डावा पाय अकरा सेकंदांत टेकला. मग त्यांचे दोन्ही हात जोरात दाबायला सांगितले. नंबरचा चष्मा आहे म्हटल्यावर, तो घामात घसरतो का, असंही विचारलं. हा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता.

सगळं ठीक, फक्त रक्त तपासून या म्हणाले. हिमोग्लोबिन आलं ९.२. बाईला निदान १२ हवं. डॉक्टर म्हणाले, "घरात वावरताना तुम्हाला काही कळत नसेल. पण चाळीस फुटांवर चक्कर आली, तर माझं सर्टिफिकेट खाली झेलायला येणार नाही." सही केली नाही. मी रस्त्यावर येऊन स्कूटरवर बसून रडले, खरं सांगते. माडावर चढायला मिळालं नाही म्हणून नव्हे. दुपारी तीन वाजता शिवताना मान टाकावीशी वाटते तो माझा आळस आहे, असं मी चार वर्षं समजत होते, त्याचं.

मार्चची तुकडी गेली. जूनपासून पाऊस, म्हणजे पुढची तुकडी पावसाळ्यानंतर. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. हे मला औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं आणि फरक पडला. पोट जड होतं, शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. मेमध्ये ११.१, ऑगस्टमध्ये १२.३. प्रत्येक तपासणीला शंभराच्या आसपास खर्च.

वाट बघण्याच्या त्या महिन्यांत मी पाडेलीकाकांकडे गेले, काय तयारी करू विचारायला. ते पायात सुंभाचा फास अडकवून चढणाऱ्या पिढीतले, यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. पण सल्ला दिला तो यंत्रालाही लागू पडला. दंड फुगवून काही होत नाही म्हणाले. माड हाताने चढतच नाहीत, पायाने चढतात. हात फक्त माडाला मिठी मारतात. म्हणून मग मी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायला लागले, आधी वीस, मग शंभर. भाकरी भाजताना एका पायावर उभी राहायची. कपडे पिळायचं काम वॉशिंग मशीनकडून काढून घेतलं, मुठीसाठी. सासूबाई हे सगळं बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. डाव्या पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहायला मला जुलै लागला.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सही केली. १८ नोव्हेंबर २०२४, सोमवारपासून प्रशिक्षण, जुन्या गोव्याला. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून जुनं गोवं. पहाटे साडेपाचला निघायचं. बसचे रोजचे जाऊन-येऊन सव्वाशेच्या वर जात. रबरी तळव्याचे बूट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेसहाशेला घेतले. जाड तळव्याचे घेऊ नका, पायाखाली पायरी कळली पाहिजे. चष्म्याला मागून बांधायची इलॅस्टिकची पट्टी साठ रुपयांना, आणि ती घेताना डॉक्टरांच्या प्रश्नाची आठवण झाली. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि ट्रॅकपँट. ओढणी नको, मंगळसूत्र आत किंवा घरी, बांगड्या घरीच.

आम्ही अठराजण होतो, त्यांत बायका तीन. शिकवणारे मास्तर केरळचे, हिंदी तोडकं, बोलणं कमी. पहिल्या दिवशी सकाळी निवड झाली. लोखंडी शिडीवरून बारा फूट चढून खालच्या फळ्यावरचा शब्द वाचायचा, मग उतरायचं. एका तरण्याबांड मुलाला, जिमला जाणाऱ्या, वरून शब्द वाचता येईना. म्हणाला, फळा फिरतोय. मास्तरांनी त्याला हळूच खाली घेतलं, पाठीवर हात ठेवून सांगितलं की हे घाबरणं नाही, ही कानातली भोवळ आहे, डॉक्टरला दाखव. भीती आणि भोवळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे कळलं. भीतीत छाती धडधडते, पण जग जागेवर असतं. भोवळीत जग हलतं. भीती घेऊन चढता येतं, भोवळ घेऊन नाही. दोन भिंगांचा चष्मा लावणारे एक गृहस्थ होते, त्यांचीही अडचण झाली. खाली बघितलं की वाचायचं भिंग मध्ये यायचं आणि स्वतःची पावलं धूसर दिसायची. ते दुसऱ्या दिवशी फक्त लांबचा नंबर असलेला जुना चष्मा घेऊन आले नि मग ठीक झालं.

यंत्र समजायला सोपं आहे. केरळातल्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने बनवलेल्या नमुन्याचं, त्याच गावाच्या नावाने ओळखतात. दोन सुटे भाग, एक डाव्या पायाचा, एक उजव्या. प्रत्येकाला माडाभोवती घालायचा तारेचा दोर, पाऊल ठेवायची पायरी, हातात धरायची मूठ. पायरीवर भार दिला की दोर माडाला आवळतो. भार काढला की सैल होतो, मग मुठीने तो भाग वर सरकवायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. पायमशीनची सवय असलेल्या पोटऱ्यांना हे पटकन जमलं. त्याशिवाय कमरेला पट्टा, त्याचा दोर माडाभोवती.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त तीन फूट चढलो आणि उतरलो. पंचवीस वेळा. मला जरा रागच आला, पहाटे साडेपाचला निघून तीन फूट.

दुसऱ्या दिवशी दहा फुटांवर मला थांबायला सांगितलं आणि माझा उजवा पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा वर-खाली उडायला लागला. मला भीती वाटत नव्हती. मी बघत होते, तो माझा पाय नसल्यासारखा थडथडत होता, यंत्राची पायरी वाजत होती. खाली सतराजण. मास्तर म्हणाले, "एडी नीचे." टाच खाली दाबली, पाय थांबला. चवड्यावर भार राहिला की पोटरी दमते आणि थडथडते, एवढंच ते असतं. टाच पायरीच्या खाली झुकवायची. ही एकच गोष्ट कोणी मला आधी सांगितली असती तर चवड्यावरच्या त्या शंभर उठाबशांतल्या निम्म्या मी टाच ताणायला दिल्या असत्या.

तिसरा दिवस उतरण्याचा. चढताना नजर खोडावर असते, उतरताना पाय आंधळेपणाने खालची जागा शोधतो, दोर खोडावरच्या खाचेत अडकतो, आणि काम झालं या आनंदात माणूस घाई करतो. त्या रात्री मांड्यांची आतली बाजू निळी झाली होती. अंथरुणात पडले तरी पाय डावा-उजवा करत होते.

गुरुवार, २१ तारखेला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा पहिला दिवस. दहा वर्षांनी येणारा सोहळा, जुन्या गोव्यात मुंगीला शिरायला जागा नाही. बस रायबंदरलाच थबकली, मी शेवटचा दीड किलोमीटर भाविकांबरोबर चालत गेले. हातात पिशवी, पिशवीत कोयता. पोलिसाने अडवलं. प्रशिक्षणाचं पत्र दाखवलं, त्याने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं, "माडार?" म्हणाला आणि सोडलं. तुम्ही कोयता घेऊन बसने जाणार असाल तर तो गोणपाटात गुंडाळा आणि पत्र वर ठेवा.

त्याच दिवशी पहिल्यांदा शेंड्यापर्यंत गेले. झावळांच्या खाली थांबायचं, दोन्ही पायऱ्या एका रेषेत, पट्ट्याचा दोर माडाभोवती घालून कडी लावायची, ओढून बघायची, मग हात मोकळे. वरचं काम तिथे सुरू होतं. घड कुठला उतरवायचा? बाणवलीला, म्हणजे आपल्याकडच्या उंच जातीला (नाव आमच्या सासष्टीतल्या बाणावलीचं), साधारण महिन्याला एक नवी झावळ नि एक घड येतो. त्यामुळे शेंड्यावर वर्षभराचं कॅलेंडर टांगलेलं असतं, सगळ्यांत खाली सगळ्यांत जून. नारळ तयार व्हायला अकरा-बारा महिने. कोयत्याच्या पाठीने वाजवायचं, आवाज आणि रंग बघायचा. कोवळ्या पानाला कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसलं तर गेंड्या भुंगा. खोडातून तांबूस रस गळत असेल तर सोंड्या भुंग्याची शंका. देठाला कोयता घालायच्या आधी खाली ओरडायचं आणि खालून उत्तर आल्याशिवाय हात चालवायचा नाही. हे सगळं मुंग्या मानेवरून चालत असताना. डोक्याचं काम इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. भीतीला जागाच उरली नाही.

आणि तिथेच फसले.

पाचव्या दिवशी तिसरा माड. दोन झाले होते, जमत होतं, मजा येत होती. वर पोचले, पायऱ्या सारख्या केल्या, कोयता काढला, घडाला हात घातला. खालून मास्तरांचा आवाज, "बेल्ट!" मी खाली बघितलं. पट्ट्याचा दोर माझ्या कमरेला लोंबत होता. माडाभोवती घातलेलाच नव्हता. दोन्ही हात मोकळे, पस्तीस फुटांवर, आणि मी मनात रात्रीच्या जेवणाचा बेत करत होते.

मास्तर ओरडले नाहीत, शांतपणे कडी लावायला सांगितली, उतरवलं, आणि दिवसभर चढू दिलं नाही. संध्याकाळी म्हणाले ते मोडक्या हिंदीतलं असं होतं, की पहिल्या दोन दिवसांत कोणी पडत नाही, तेव्हा सगळे घाबरलेले असतात. पडतात ते जमायला लागल्यावर. ते स्वतः चढताना पावलं मोजतात, मल्याळममध्ये, मोठ्याने. तुम्हीही काहीतरी मोजा.

बसमध्ये विचार करत आले. नुसते आकडे मोजणं मला झोपेतही जमतं, मग उपयोग काय? घरी सासूबाईंना विचारलं. त्या जुन्या मराठी शाळेतल्या, पावकी-निमकी अजून तोंडपाठ. म्हणाल्या, "पाढे म्हण. बाराचा नको, तो सगळ्यांक येता. तेराचा म्हण."

शनिवारी तेराचा पाढा म्हणत चढले. एक पाऊल, म्हणजे डावा-उजवा मिळून, एक ओळ. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. दहा पावलांनी पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या लक्षात आलं की आमच्या भाटातल्या साधारण माडाला चार पाढे लागतात. आणि ते झाल्याशिवाय मी शेंड्यावर पोचलेली नसते, आणि शेंड्यावर पोचलं की पाचव्या पाढ्याऐवजी दोर, कडी, ओढ. हाही पाढाच. गेल्या वर्षभरात कळलेली गोष्ट अशी की, दमणूक आधी हाताला कळत नाही, पायाला कळत नाही, पाढ्याला कळते. चौथ्या-पाचव्या माडावर अंग म्हणतं अजून दोन होतील, आणि जीभ तेरा आठीशी अडखळते. पाढा चुकला की मी उतरते. घड वर राहिला तर राहिला.

शेवटच्या दिवशी परीक्षा, मग सही करून यंत्र हातात दिलं. त्यानंतरचं कागदांचं प्रकरण अंगावर आलं ते माडापेक्षा जास्त. मंडळाची 'केरा सुरक्षा' म्हणून विमा योजना आहे, १८ ते ६५ वयाच्या माडचढ्यांसाठी. प्रशिक्षण घेतलेल्यांचा पहिल्या वर्षाचा हप्ता मंडळ भरतं, पुढे हप्त्याचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो. माझं आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्ज दोनदा परत आला. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नोटरीचे दोनशे, आणि सात आठवडे. विम्याचा कागद हातात येईपर्यंत मी घरचा एकही माड चढले नाही. बायकांनो, प्रशिक्षणाचा अर्ज भरायच्या आधी सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या.

जानेवारी २०२५मध्ये पाडेलीकाका काठी घेऊन आले आणि मला भाटात फिरवलं. ही सकाळ मी विसरणार नाही. प्रत्येक माडाच्या खोडावर ते तळहाताने थापटत, कान देत, पुढे सरकत. हा आतून पोकळ, इकडे नको. हा विजेच्या तारेकडे झुकला आहे, झावळ तारेवर पडेल, लाइनमनला बोलाव, मग बघ. याच्यावर गांधीलमाश्या दर चैत्रात घर करतात. हा तुझ्या सासऱ्यांनी घर बांधलं त्या साली लावलेला, याचे नारळ लहान पण खोबरं जाड. या माडावरून १९९८च्या पावसात माझा पाय सुटला होता, बघ, ही खूण. त्यांनी नडगी दाखवली. मी वहीत लिहून घेत होते, माडांना खडूने आकडे घालत होते. सेहेचाळीसांतल्या नऊ माडांवर फुली. यंत्राकडे बघून म्हणाले, "लोखंड बरें. पूण वारो पळय." वारा बघ. आणि दुपारी नाही.

एक माड त्यांनी बराच वेळ थापटला आणि काही बोलले नाहीत. मी विचारलं. म्हणाले, तोडायचा आहे तो, पण परवानगी काढा, मेल्यांनी मध्ये एकदा माड झाड नव्हे म्हणून ठरवलं होतं. खरं आहे ते: २०१६ साली कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड बाहेर गेला, २०१७मध्ये परत झाड झाला आणि वर राज्यवृक्षही झाला. काका ही गोष्ट सांगताना अजून चिडतात. "म्हणजे एक वर्ष हांव कसल्यार चडटालों?" मी चढत होतो तरी कशावर?

त्या दिवशी वहीतल्या बारा नंबरच्या माडावर चढले, सगळ्यांत सरळ होता म्हणून. काका खाली, सासूबाई टोपलं घालून गोठ्याच्या दारात, नवरा मोबाइल धरून. तेवीस नारळ. एकही कोवळा नाही. काकांनी प्रत्येक उचलून वाजवून बघितला नि तेवीस म्हणजे तेवीस चांगले म्हणाले. त्यांचा वाटा दिला, त्यांनी घेतला. मला वाटलं होतं, नको म्हणतील.

आता हिशेब. प्रशिक्षण फुकट, यंत्र फुकट. तपासण्या, गोळ्या, बसभाडं, बूट, कोयता (लोहाराकडून, साडेचारशे) आणि कागद मिळून माझे चार हजारांच्या आत गेले. सुरुवातीला दिवसाला दोनच माड, आता पाच. एक दिवस चढले की दोन दिवस नाही. बोटांचे सांधे सकाळी आखडतात, सुई ओवता येत नाही, आणि शिवण माझं पोट आहे. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी चढत नाही. सोवळं-ओवळं म्हणून नव्हे, ९.२ विसरले नाही म्हणून. हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी तपासते. वाड्यावरच्या चार घरांतून बोलावणं येतं, माडामागे शंभर घेते, पण आधी जाऊन खोड थापटून येते. दोन घरांना नाही म्हटलं. एका घरी त्यावरून बोलणं बंद आहे.

२०२५ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीला, नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घड, आपल्या भाटातली हवी, असा सासूबाईंचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर माझाही. पेंड पाडायची नसते, दोराने उतरवायची असते, हे मी मुद्दाम शिकून घेतलं होतं. चार दिवस आभाळ फाटलं होतं. खोडावर शेवाळ, हात लावला की बोटाला हिरवं. आदल्या दिवशी सकाळी जरा उघाड पडली, मी यंत्र बांधलं, तीन फूट चढले, पायरीवर भार दिला आणि दोर बोटभर घसरला. फक्त बोटभर. उतरले. यंत्र सोडून पडवीत टांगलं. पेंड बाजारातून आणली. भाव सांगत नाही, चवथीच्या आदल्या दिवशीचा होता. नारळ त्या वर्षी तसाही महागच, म्हापशात मोठा पन्नाशीच्या पुढे गेला होता. माटोळी बांधताना सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, फक्त ती पेंड जरा मागच्या बाजूला टांगली.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून पुन्हा सुरुवात केली. काल चौथा माड होता, वहीतला सतरा नंबर. तिसऱ्या पाढ्यात होते, वारा नव्हता, अंग छान चाललं होतं. पाढा मी मोठ्याने म्हणते, खाली ऐकू जातो. म्हटलं, तेरा सख अठ्ठ्याहत्तर, तेरा साती एक्क्याऐंशी.

मी पुढच्या पावलाला मूठ उचलली होती. खालून गोठ्याच्या दारातून आवाज आला, "एक्क्याण्णव गो! देंव सकल."

उतरले.